पाणबुडीचं कुंकू

दत्तप्रसाद मेस्त्रीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कुवेतमधल्या सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता, आणि पुरता रास्त होता.

मालवणकडचा हा सुतार कितीतरी वर्षं तिथे प्रदर्शनांसाठी लाकडी गलबतं बनवतो. होडी खेळण्यातली का असेना, नारळ फोडून टोकाला कुंकू लावल्याशिवाय तो तिला दाराबाहेर जाऊ देत नाही. बनेद अल-गारच्या एका हॉलसाठी महायुद्धातली जर्मन पाणबुडी बनवली, तेव्हाही त्याने तेच केलं. बोट ती बोट!

हॉलमध्ये मांडणी करताना शेजारी फलक लागला. पाणबुडी कुठून निघाली, कोणती जहाजं बुडवली, शेवटी विमानांनी बॉम्ब टाकून तिलाच तळाला कसं धाडलं, सगळं त्यावर होतं. आतल्या एकूण एक माणसाचं नाव होतं, अगदी आचाऱ्याचंसुद्धा. बुडवलेल्या जहाजांची मात्र नुसती नावं. त्यात ‘ग्लेनमोर्वा’ दिसलं आणि दत्तप्रसादने त्यावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं.

त्याचे आजोबा तुळशीदास त्याच जहाजाच्या बॉयलरवर कोळसा ओढायचे. बेपत्ता, एवढीच खबर गावात आली. प्रेत नाही, म्हणून आजी ठकूबाई रिवाजाप्रमाणे बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहत राहिली. मग प्रेताच्या जागी दर्भाचा पुतळा जाळला, तेव्हा तिने ते पुसलं. जहाजाचं नाव मात्र तिने नातवंडांकडून रोज तिन्हीसांजेला म्हणून घेतलं.

आणि तिच्या नातवाने कुंकू लावलं ते कोणाला!

तो थेट सुधीरकडे गेला. पुण्याचा सुधीर हे प्रदर्शन उभारत होता.

"साहेब, माझो आजो ह्या ग्लेनमोर्वावरच बुडालो. तेचा नाव खंय आसा? एक ओळ तरी लिवा."

"दत्तप्रसाद, पॅनल अप्रूव्ह झालंय. शिवाय हे पाणबुडीबद्दल आहे, खलाशांबद्दल नाही."

"आचाऱ्याक जागा आसा, माझ्या आज्याक नाय?"

"वाद नको. आणि ते कुंकू तसंच ठेव. क्लायंटला जाम आवडलंय, फोटोग्राफर येतोय."

दत्तप्रसादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि पाणबुडीचं टोक घासायला घेतलं. कुंकू गेलं, त्याबरोबर राखाडी रंगही गेला, खालचं लाकूड उघडं पडलं.

"अरे, काय करतोयस? फोटो काढायचेत!" सुधीर ओरडला.

"माझ्या आजयेन आपला कुंकू पुसल्यान," दत्तप्रसाद हात न थांबवता म्हणाला, "तेव्हा कोण फोटो काढूक इलो नाय."