मोजायचं न्हाई, वळखायचं

बायजाआत्याला कुणी "शेरडं किती?" असं विचारलं की ती सरळ तोंड फिरवायची. धनगरवाडीत जितराब मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते. संध्याकाळी गोठ्याच्या दारात ती हात आडवा धरून उभी राहायची आणि हाताखालून जाणाऱ्या एकेका शेळीला नावानं हाक मारायची. एखादी रानात राहिली असेल तर तिला लगेच कळायचं. "मोजायचं न्हाई, वळखायचं," म्हणायची.

मी वेल्ह्याकडच्या उपकेंद्रात नर्स. तिच्या अंगणात पहिल्यांदा गेले ती मोबाईलवर कुटुंबाची माहिती भरायला.

"आत्या, घरात माणसं किती?"

"हायती की देवाच्या दयेनं."

"पण किती?"

"जेवाय बस, दिसतील."

आकडा घातल्याशिवाय मोबाईल पुढं सरकेना आणि म्हातारी आकडा बोलेना. दोघांच्या मधे मी आपली घाम पुसत बसले. शेवटी तिनं एकेकाचं नाव घेतलं आणि मी गुपचूप बोटांवर मोजलं. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढं वाडीच्या शाळेत क्षयाच्या तपासणीचं शिबिर ठरलं. हातात धरायचं एक्स-रे यंत्र येणार होतं. ते छातीचा फोटो काढतं, स्वतःच वाचतं आणि संशय असला तर सांगतं. माझ्या डोळ्यांपुढं होता आत्याचा मुलगा मारुती. खोकून खोकून पार चिपाड झाला होता. पण त्याच्या लेकीची सोयरीक भाटघरकडं जमलेली. यंत्रात क्षय निघाला आणि गोष्ट बाहेर फुटली तर पोरीचं लग्न मोडेल, या धास्तीनं तो हटून बसला. मारुती नाही म्हटल्यावर अख्खी वाडी नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्या उपकेंद्रात हजर.

"फोटू कुठं जातो?"

"भोरच्या डॉक्टरांकडं, नावासकट."

"आन् वाडीत कोण बोंब मारंल?"

"कुणी नाही. ज्याचं त्यालाच सांगणार."

"यंत्र चुकतं का?"

थाप मारायची ही वेळ नव्हती. "चुकतं, आत्या. म्हणून संशय आला तर थुंकी तपासायची. मगच औषध."

ती म्हणाली, "चुकतं म्हणालीस म्हून इस्वास ठेवते. कदी चुकतच न्हाई म्हणणाऱ्याच्या दारात म्या शेरडूबी बांधायची न्हाई."

शिबिराच्या दिवशी पहिली तीच बसली. तिचा फोटो स्वच्छ आला. मग शाळेच्या दारात उभी राहून तिनं एकेकाला नावानं आत घेतलं. "ये धोंडू. ये गं बायडे, लाजतीस काय, ते आतलं बघतंय, लुगडं न्हाई बघत." माझ्या महिनाभराच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते तिनं दुपारच्या आत उरकलं. मारुती तेवढा लांब झाडाखाली उभा होता.

"मारुती," ती शांतपणे म्हणाली, "पोरीच्या लग्नात बाप हुबा ऱ्हाणार, का भिंतीवरचा फोटू?"

तो आला. यंत्रानं संशय दाखवला, थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला आणि औषध सुरू झालं.

त्यानंतर तिनं जे केलं त्याची माझी छाती झाली नसती. मारुतीला विचारून ती एसटीनं व्याह्यांच्या घरी गेली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "माझ्या ल्योकाला क्षय हाय. औषध चालू हाय. लपवून पोर देत न्हाई. मोडायचं तर आजच मोडा." मग विहीणबाईंनी चहा ठेवला. आठवड्यानं व्याही माझ्याकडं आले. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "शिस्टर, आमच्या म्हातारीला लई खोकला हाय. तुमचं यंत्र आमच्याकडं कधी येतंय?" मी त्यांना बसवून पाणी दिलं आणि आत जाऊन रडले.

मारुतीची औषधं पुरी झाली आणि मगच लग्न लागलं. आता आसपासच्या वाड्यांत शिबिर असलं की लोक आपणहून येतात. बसण्याआधी, यंत्र चुकतं का, असं मात्र विचारतातच. हे तिचंच शिकवणं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

गेल्या थंडीत आत्या झोपेतच गेली. तिला माळावरच्या स्मशानात न्यायचं होतं. वाट उभ्या चढणीची, तरणी पोरंसुद्धा तिथं धापा टाकतात. पुढचा खांदा मारुतीचा होता. अंगणातून मी त्याच्याकडंच बघत होते. पार वरपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. एकदाही खोकला नाही.