नव्या शहरातल्या भाड्याच्या खोल्या

नकाशा कितीही देखणा असो, ते त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवायचे आणि विचारायचे, "अन् इथं राईन कोन?"

अमरावतीच्या आमच्या नगररचना कार्यालयात ते मुख्य आरेखक होते, मी त्यांच्या हाताखाली. मूर्तिजापूरजवळ नवं शहर वसवायचं ठरलं होतं. पुण्या-हैदराबादला गेलेली आपली संगणकवाली पोरं परत यावीत, हा हेतू. नकाशात तळं होतं, काचेच्या इमारती होत्या, सायकलींचा वेगळा रस्ताही होता. मे महिन्यातल्या दुपारी तिथं सायकल कोण चालवणार, हे मुंबईच्या सल्लागारांना विचारायची कुणाची टाप नव्हती. यांनी विचारलं. "साहेब, तुमी चालवून दाखवा. मी मांगून पानी घेऊन येतो."

पण त्यांचा खरा हट्ट भाड्याच्या खोल्यांचा. सरकारी, एकट्यादुकट्यासाठी, अर्जाच्या क्रमानं मिळणाऱ्या. आडनाव कुणी विचारायचं नाही.

त्यांच्या लेकीला अकोल्यात चांगली नोकरी लागली होती. घरमालक खोली दाखवायचे, पूर्ण नाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असायची. असे घरमालक तुम्हीही पाहिले असतील. बोलायला फार गोड. शेवटी ती पुण्याला निघून गेली.

मला हे पटेना. तेव्हा एका रविवारी ते मला अकोल्याला घेऊन गेले. एका घरी आधी ते विचारून आले. खोली गेलेली. तासाभरानं त्याच घरी मी गेलो, तर काकूंनी आडनाव ऐकून किल्लीच हातात दिली, वर चहाही पाजला. बाहेर आलो तेव्हा मला मान वर करवेना. ते मात्र हसत होते. "चाय कसा होता गड्या?"

सल्लागारांनी तीनदा खोल्या खोडून क्लबहाऊस टाकलं, यांनी तीनदा खोल्या पुन्हा काढल्या. बैठकीत उभे राहून म्हणाले, "पगारासाठी पोट्टे येतीन साहेब. पन रायाले जागा नसन, तर टिकतीन कसे?" निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या बैठकीआधीच, निवृत्तीला दोन महिने असताना, ते हृदयविकारानं गेले. मला अजून त्याचा राग येतो.

काल त्यांची लेक टेबलातलं सामान न्यायला आली. नकाशापाशी थांबून म्हणाली, "काका, बाबाच्या खोल्या कोनत्या?"

मी दाखवल्या. तिनं एकीवर बोट ठेवलं. "ही मले पाह्यजे."

"अशी नाही भेटत बाई. अर्ज करा लागते."

"मंग पयला अर्ज माहा," ती म्हणाली, आणि तिथंच कागद ओढून लिहायला बसली.

उद्या बैठक आहे. बैठकीत मी आजवर कधी तोंड उघडलेलं नाही. उद्या तिचा अर्ज घेऊन उभा राहणार आहे, आणि खोल्या मंजूर झाल्याशिवाय खाली बसणार नाही.