तागाचा अंतरपाट

नायलॉनशी उघड वैर पत्करूनही सुखाने जगलेला माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. टेरिलीनचे शर्ट मिरवत आणि प्लॅस्टिकच्या बादल्या कौतुकाने घरी नेत सगळं जग जेव्हा पुढे चाललं होतं, तेव्हा आमचे आतोबा मात्र कलकत्त्याच्या बालिगंज भागातल्या दोन खोल्यांत तागाचे पडदे, तागाची बैठक, तागाच्या सपाता आणि चष्म्याची तागाचीच पिशवी अशा थाटात राहत होते. माणूस कलकत्त्यातच जन्मलेला, आणि नोकरी बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये, कापडाची परीक्षा करण्याची. बाकीचे लोक कामावरून सुटले की काम विसरतात. आतोबा येताना ताग घेऊन यायचे. बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हा "चला, निदान आत्या तरी आहे" म्हणून आईने सुस्कारा सोडला होता. आतोबांचं तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी बदली रद्द करून घेतली असती, अशी तिला भीती असावी.

त्यांना कोणी कंजूष म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. आणि खरंच, ते कंजूष नव्हते. पैसे वाचवण्यासाठी त्यांनी कधी काही केलं नाही. उलट दहा रुपयांत बाजारात मिळणाऱ्या पडद्यासाठी ते वीस रुपये खर्च करत आणि वर महिनाभर स्वतः खपत. "वस्तू देखणी हवी," ते मला पहिल्याच रविवारी म्हणाले, "आणि तिची वेळ भरली की ती गुपचूप मातीत गेली पाहिजे. नायलॉन मरतच नाही रे! जे मरत नाही त्याच्याशी संसार कसा करायचा?" त्यावर स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "तागाशी कसा करायचा ते मला विचार." मी हसलो, पण फार हसता येत नव्हतं, कारण त्या तागाच्या बैठकीवर हललं की मांड्यांना खाज सुटायची.

हौस मात्र राजेशाही. डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, हळद यांतलं काहीही त्यांच्या घरातून बाहेर पडत नसे. सगळं उकळून त्यांचे रंग व्हायचे. त्या घरी गेलं की स्वयंपाकाचा वास येतोय की पडद्याचा, हे पानावर बसेपर्यंत कळत नसे. एकदा बराकपूरला एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या घरी आम्हाला चहाला बोलावलं होतं. आतोबा स्वतः रंगवलेला हळदी रंगाचा बुशशर्ट घालून आले. देखणा होता, यात शंका नाही. अधिकाऱ्याच्या बायकोनेही तारीफ केली. पण कलकत्त्याचा उकाडा तो! तासाभराने आतोबा उठले तेव्हा सोफ्याच्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यावर त्यांची पाठ उमटली होती, खांद्यांसकट. यजमानीणबाईंचा चेहरा पाहून आत्या जमिनीत शिरायला जागा शोधू लागली. आतोबांनी त्या पाठीकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "रंग किती सढळ आहे बघा!"

आणखी एका उन्हाळ्यात त्यांनी खिडक्यांना तागाचे जाड पडदे ओले करून लावले. नागपूरला असं करतात, घर थंडगार होतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. नागपूरची हवा कोरडी आणि कलकत्त्याची आधीच भिजलेली, एवढा फरक सांगणाऱ्याने सांगितला नाही. घर थंड झालं नाही ते नाहीच, पण आठवड्याभरात पडद्यांच्या खालच्या कडेला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. आतोबा वाकून त्यांचं निरीक्षण करत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखून आत्या स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली, "भाजी मी करणार नाही!" माझ्यावरही त्यांचा लोभ होता, त्यामुळे मला एक तागाचा टाय मिळाला. विणकाम इतकं सुबक की बँकेतल्या बंगाली साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला. नंतर माझ्या मानेवरचे चट्टे पाहून त्यांनीच मला डॉक्टरांचा पत्ता दिला.

पण या सगळ्यांत त्यांची एक सवय सर्वांत लाडकी होती. स्टेशनवर चहा प्यायला की लोक मातीचं बोळकं रुळांवर फेकतात. आतोबा फेकत नसत. ते बोळकं नळावर धुऊन, रुमालाने पुसून तागाच्या पिशवीत ठेवत आणि घरी आणून त्यात मिरचीचं बी लावत. रोप वाढलं की बोळक्याचं बूड फोडून ते तसंच कुंडीत. त्यांच्या गॅलरीत मिरच्यांची पलटण उभी असे. बोळकी धुण्याच्या नादात त्यांच्या गाड्या चुकत, आणि नळाशी वाकलेल्या या नीटनेटक्या गृहस्थाकडे सियालदहची गर्दी वळून वळून बघत जाई.

हे सगळं ज्या एका व्यक्तीला मनापासून सहन होत नव्हतं, ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी शुभा. स्टेशनवर वडील नळाकडे वळले की ही चार पावलं लांब जाऊन दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी उभी राहायची. शाळेत तिला तागाचं दप्तर होतं, त्यावर सुंदर मोर. पण ताग भिजला की त्याला तेलकट उग्र वास येतो, आणि वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसायला नाक मुरडत. मोराचं कौतुक बाईंनी केलं, वास शुभाने सोसला. रागावली की ती बंगालीत बोलायची, कारण कलकत्त्यात वाढलेल्या त्या पोरीला मराठीत रागावायचं नीट जमत नसे. वडिलांशी ती बऱ्याचदा बंगालीतच बोले.

तिचं लग्न ठरलं पुण्याच्या मुलाशी. मुलगा इंजिनिअर, दिसायला चांगला, स्वभावाने शांत. फक्त नोकरी प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात. ही बातमी आतोबांना कोण सांगणार, यावर आत्याचा आणि माझा वाद झाला. शेवटी मीच सांगितली. "मुलगा चांगला आहे ना?" एवढंच आतोबांनी विचारलं. चांगला आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक आहे. सवय काय, सुटेल."

लग्न कलकत्त्यातच करायचं ठरलं. त्यानंतर शुभाने वडिलांसमोर बसून, रागावली नसल्यामुळे स्वच्छ मराठीत, एक मागणं मागितलं. "बाबा, पुण्याचे एवढे लोक येणार. ते मला हसले तर मला तिथे जन्म काढायचाय. माझ्या लग्नात तागाची एकही वस्तू नको. एकही नाही." आतोबांनी चष्मा काढला, तागाच्या पिशवीत ठेवला, मग ती पिशवीच त्यांनी उचलून खणात टाकली. "नाही आणणार," ते म्हणाले. या माणसाने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, त्यामुळे आत्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आत्या उठून आत निघून गेली. तिने नंतर मला सांगितलं. वर्षभर ते मिलच्या हातमागावर शुभासाठी अंतरपाट विणत होते. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरायचं ते वस्त्र, आपल्या हातचं. मुलीने सोबत नेण्यासारखं आपल्याकडे दुसरं काही नाही, असं त्यांना वाटत होतं. तो अंतरपाट आता ट्रंकेत गेला होता.

लग्नाच्या दिवशी रुखवतात आत्याच्या मैत्रिणींनी केलेल्या प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या मांडल्या होत्या. लाल, हिरव्या, निळ्या, एकावर एक. वधूपिता म्हणून आतोबांना नेमकं त्यांच्याच शेजारी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करावं लागत होतं. अंगात नवा कोरा टेरिलीनचा शर्ट. पाठीवर घामाचा नकाशा, पण रंग मुळीच जात नव्हता. लोक वायरच्या पिशव्यांची तारीफ करत आणि आतोबा मान डोलावत. मला त्या दिवशी त्यांना चिडवायची एकही संधी मिळत नव्हती, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

शुभा आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. दारातून तिला बाहेरचा थोडा भाग दिसत होता. तिने मला विचारलं, "दादा, ते दाराशी कोण उभे आहेत? पुण्याचे का?"

"अगं, ते आतोबा," मी म्हटलं.

ती पुन्हा बघत राहिली. पाठमोरा चकचकीत शर्ट, लोकांना वाट करून देणारा, कुणाला काही समजावून न सांगणारा एक माणूस. मग तिचा चेहरा एकदम पडला. "मी ओळखलंच नाही," ती म्हणाली, आणि पुढचं बंगालीत काहीतरी पुटपुटली, पण राग वडिलांवर नव्हता. आत्या केसांत गजरा माळत होती. तिने हात न थांबवता ट्रंकेतल्या अंतरपाटाची सगळी हकिगत मुलीला सांगून टाकली. शुभाने माझं मनगट धरलं. "दादा, जा ना. घेऊन ये तो."

मी टॅक्सीने गेलो आणि घेऊन आलो. गोरज मुहूर्ताला आतोबांनी तो गुरुजींच्या हातात पाहिला आणि ते घाईघाईने शुभाजवळ गेले. "मी नाही हं आणला," ते शपथेवर सांगू लागले. "मी आणवला," ती म्हणाली. आतोबांनी टेरिलीनच्या बाहीने डोळे पुसायचा प्रयत्न केला, पण ते कापड काही टिपून घेईना.

अंतरपाट खरोखर देखणा होता. डाळिंबाच्या सालीचा उबदार पिवळा रंग, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक, कडेला बारीक वेल. पुण्याच्या बायका पुढे सरकून हात लावून बघू लागल्या. गुरुजींनी तो मध्ये धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि त्या काळच्या कलकत्त्याच्या रिवाजाप्रमाणे दिवे गेले. कुणीतरी धावत जाऊन पेट्रोमॅक्स आणला आणि शुभाच्या मागे ठेवला. झालं! मऊ पडावा म्हणून आतोबांनी तो विरळ विणला होता, आणि आता उजेड त्यातून सरळ आरपार गेला. शुभाच्या मुंडावळ्या, नथीचा आकार, हातातला हार, सगळं पलीकडे स्पष्ट. गुरुजी मंगलाष्टक अर्ध्यावर सोडून म्हणाले, "अहो, हा कसला अंतरपाट? यातून सगळं दिसतंय!"

आतोबा पांढरेफटक पडले. आयुष्यभर लोकांच्या कापडाची परीक्षा घेणारा माणूस, हे कापड कशासाठी असतं तेवढंच विसरला होता. पुण्याची मंडळी तोंडाला पदर आणि रुमाल लावू लागली. तेवढ्यात पलीकडून नवरदेवाचा गंभीर आवाज आला, "चालू द्या गुरुजी. मला काही दिसत नाही." आणि सगळ्यांत आधी हसली ती शुभा. अंतरपाटाआड तिचे खांदे गदगदताना आम्हा सगळ्यांना दिसत होते. मग मांडवच हसला. हसण्यात कुणाची टिंगल उरली नव्हती. नंतर पंगतीत आतोबा माझ्या कानाशी लागले, "प्लॅस्टिकवाला आहे, पण खोटं किती सुरेख बोलला रे!"

दुसऱ्या दिवशी हावड्याला पाठवणी. नव्या रेक्झिनच्या बॅगा बाकाखाली आणि अंतरपाट गाडीत खिडकीशी बसलेल्या शुभाच्या मांडीवर, घडी केलेला. जावयाने सगळ्यांना चहा मागवला. आतोबांनी आपला चहा संपवला आणि बोळकं हातात धरून ते नळाकडे बघत उभे राहिले. गाडी सुटायची वेळ झाली होती, जावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. पुण्याची मंडळी आपापली बोळकी रुळांवर फेकत होती. शुभाने आपलं रिकामं बोळकं फिरकीच्या तांब्यातल्या पाण्याने खिडकीतच विसळलं, नव्या शालूच्या पदराने पुसलं आणि गजांतून बाहेर काढलं.

"बाबा, मिरचीला होईल."

आतोबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. गाडी हलली तेव्हा निरोपाला हलवायला त्यांच्याकडे हातच रिकामा नव्हता, म्हणून ते नुसतेच उभे राहिले.

माझी पुढे कलकत्त्याहून बदली झाली, आणि आता आतोबाही नाहीत. पण मी तिथे होतो तोवर रविवारी जेवायला जात असे आणि त्यांच्या गॅलरीत मिरच्या वाढतच होत्या. शुभाचं बोळकं मात्र खिडकीत तसंच रिकामं असायचं. घरात एकही वस्तू बिनकामाची राहू न देणाऱ्या त्या माणसाला एकदा आत्याने माझ्यादेखत टोकलंच, "अहो, लावा की त्यात काहीतरी. उगाच काय ठेवलंय?"

आतोबा पडद्याला रंग देत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे ते. ते कामात आहे."