युसूफ मिस्त्री आणि कोकिळेचं घरकुल

अमडापुरात युसूफ मिस्त्रीच्या हातची घरं मोजायला बसलात तर एक दुपार पुरायची नाही. शाळा त्याने चौथीत सोडली. पुढचं सगळं ओळंब्याने शिकवलं. पाया खणताना तो खड्ड्यात पहार सोडायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "लागला मुरूम." पण तेवढ्यावर तो दगड बसवत नसे. खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचा. सकाळी माती फुगलेली दिसली तर अजून खणायचं, नाहीतर खाली मुरूमच. पस्तीस वर्षांत ही रीत त्याने एकदाच मोडली. ती कोकिळेसाठी.

कोकिळा बाजारात भाजी विकते. नवरा गेल्यावर ती आणि लेक समीक्षा भाड्याच्या खोलीत राहत. सरकारी घरकुलाच्या यादीत नाव आलं, पण बांधायला जागा नव्हती. गावातल्याच अविनाशने तेव्हा नाल्याकाठचं कपाशीचं वावर घेऊन प्लॉट पाडले होते. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्यांत दगड, रस्त्यावर मोठा फलक. त्यातला सगळ्यात लहान तुकडा कोकिळेने घेतला.

वैशाखाच्या उन्हात मिस्त्री तिच्या घराचा पाया खणायला लागला. तीन फुटांवर पहार खणकन वाजली.

"लागला न मुरूम?" अविनाशने मोटारसायकलवरूनच विचारलं.

"पाणी टाकून पाहा लागते," मिस्त्री म्हणाला.

"चाचा, टँकर आठ दिवसानं येते. इथं लोकायले प्याले नाही, अन् तुमी खड्ड्याले पाजता काय?"

कोकिळा घागर घेऊन उभीच होती. "माह्या घागरीतलं टाका, युसूफभाई."

मिस्त्रीने घागरीत डोकावून पाहिलं. ती अर्धीच होती.

"राहू दे, बाई. प्याचं पाणी मातीत काऊन टाकतं? पहार बोलली न."

दुसऱ्या दिवशी दगड बसले.

काळी माती वैशाखात दगडासारखी होते आणि पावसात फुगते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याचा कान गावठाणाच्या मुरमावर तयार झालेला. वावराच्या मातीने तो फसवला.

मायलेकी नव्या घरात राहायला आल्या आणि आषाढ सरताना मागच्या भिंतीला भेग पडली. आधी केसासारखी, मग बोट जाईल एवढी.

"सिमेंट भरा, वरून चुना मारा," अविनाश म्हणाला. "बाकीचे प्लॉट विकाचे आहेत, चाचा. लोकं पाहून राह्यले."

मिस्त्रीने सिमेंटचं घमेलं भरून नेलं आणि दारातच खाली ठेवलं. कोकिळा चुलीपाशी होती.

"बाई, याच्यात झोपू नको. खाली मुरूम नाही. मी चुकलो."

तिने भेगेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "घेऊन घ्याचं होतं न त्या दिवशी पाणी. एका दिवसाच्या तहानेनं मेलो असतो का आमी?"

मिस्त्रीने घमेलं उचललं आणि परत नेलं.

मायलेकी पुन्हा भाड्याच्या खोलीत गेल्या. पोळ्याच्या दुपारी मागची भिंत बसली. तिच्यासोबत छपराची टिनं खाली आली. कोकिळेने नव्या घरकुलासाठी पंचायत समितीत अर्ज नेला. तिथल्या बाबूने संगणकात तिचं नाव शोधलं.

"तुमाले भेटलं आहे. एका माणसाले एकदाच भेटते."

"पडलं न साहेब ते."

"पडलं असन. पण भेटलं तर होतं न?"

अविनाशच्या वावरातले प्लॉट मग कोणी घेतले नाहीत. त्याने मिस्त्रीचं नाव गावभर बदनाम केलं, आणि मिस्त्रीचं काम बंद झालं. चौकात कोणी विचारायचं, "काय मिस्त्री, आज पहार काय म्हणते?" तो मान खाली घालून पुढे जायचा.

दिवाळीनंतर त्याने कोकिळेच्या प्लॉटवरचं पडक्या विटांचा ढिगारा एकट्याने बाजूला केला आणि खणायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. कोकिळा एकदा येऊन पाहून गेली. साडेआठ फुटांवर खरा मुरूम लागला, पिवळा, भाजलेल्या विटेसारखा टणक. पण त्यावर घर बांधायला दोघांपैकी कोणाजवळ पैसा नव्हता. दुसऱ्या दिवशी कोकिळा बोरीचे काटे घेऊन आली. कोणाचं लेकरू आत पडू नये म्हणून तिने ते खड्ड्याभोवती लावले, आणि भाजीची पाटी उचलून बाजाराला गेली.