बॅरलखालचं अक्षर

बोल्ट बंद झाला. तो बंद व्हायला नको होता.

मी गेज काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा बंद. बुधवारची दुपार होती आणि ही रायफल गुरुवारी गिऱ्हाइकाला द्यायची होती.

काय बिघडलं होतं ते सांगतो. रायफलमध्ये काडतूस जिथे बसतं त्याला चेंबर म्हणतात. मागून बोल्ट सरकवून खाली दाबला की कडी लावल्यासारखं दार बंद होतं. हे दार आणि काडतूस यांच्यात जी जागा उरते ती हेडस्पेस. बॅरल, म्हणजे नळी, बदललं की ती पहिल्यापासून मोजावी लागते, आणि इथे मी नवं बॅरल बसवलं होतं. त्यासाठी पोलादाचे दोन गेज असतात. 'गो'वर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि 'नो-गो'वर होताच कामा नये. माझा 'नो-गो'वर झाला, म्हणजे फट जास्त. फरक कागदाच्या जाडीचा, पण तेवढ्याने काडतुसाचं पितळ फाटू शकतं आणि पेटता गॅस नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो.

उपाय साधा आहे. बॅरल पुन्हा काढायचं, लेथवर त्याचा खांदा, म्हणजे सांगाड्याला टेकणारी कड, किंचित छाटायचा, म्हणजे ते जरा जास्त आत बसतं. घाई न करता एका दिवसाचं काम.

मस्कतमधल्या या परवानाधारक वर्कशॉपमध्ये मी आठ वर्षं आहे. त्याआधी आपल्याकडे सरकारी शस्त्र कारखान्यात उभी हयात लेथवर गेली. मॅनेजर तिवारीजी उत्तर प्रदेशचे, माणूस गोड बोलणारा. मी त्यांना सांगितलं की रायफल रविवारी मिळेल. त्यांनी घड्याळ पाहिलं. गिऱ्हाईक सूर शहरातून येणार, शुक्रवारी त्याची नेमबाजीची मॅच, अर्बाबने, म्हणजे मालकाने, शब्द दिलेला.

"अरे बाबल साहब, कागज जितना तो फरक है. चलेगा."

"नहीं चलेगा," मी म्हणालो. रायफलला 'देऊ नये' असा लाल टॅग बांधला, रॅकमध्ये ठेवली. गुरुवारी रजा टाकून बायकोला आणायला एअरपोर्टवर गेलो.

हे 'बाबल' म्हणजे मी. आडनाव वाव्हळ. तिवारीजींच्या तोंडी व आला की त्याचा ब होतो, आणि ळ तर त्यांच्या गावीच नाही. सुरुवातीला दोन-तीनदा सुधारून पाहिलं, मग नाद सोडला.

रविवारी कामावर आलो तर रॅक रिकामा आणि अर्बाबच्या केबिनमध्ये बोलावणं. आत रायफलचे मालक अबू सालिम बसले होते. सत्तरी उलटलेले, सूरला लाकडी जहाजं बांधण्यात आयुष्य गेलेलं. शिकार बंद झाल्यापासून वडिलांच्या या रायफलने ते फक्त टार्गेटवर नेम धरतात. त्यांच्या उजव्या गालावर काळसर डाग होता. टेबलावर काडतुसाची रिकामी पितळी केस होती. तिच्या बुडाजवळ चमकती रेघ आणि रेघेत तडा.

एकच गोळी झाडली, ते म्हणाले. गालाला चटका बसला म्हणून थांबले. मॅच सोडून दिली.

मग माझ्याकडे पाहत सावकाश म्हणाले, "जहाज में फट रहता, हम कापूस भरता. इसमें क्या भरेगा?"

म्हाताऱ्याचा डोळा बोटभराने वाचला होता आणि त्या रायफलवर हात माझा फिरला होता.

अर्बाबने रायफल उलटी केली. आमच्याकडे नियम आहे, जो बॅरल बसवतो आणि तपासतो तो खालच्या बाजूला स्वतःचं अक्षर ठोकतो. अक्षर नसेल तर रायफल दाराबाहेर जात नाही. माझ्या पंचवर, म्हणजे ठोकायच्या पोलादी शिक्क्यावर, देवनागरी अक्षर आहे, कारण इथे तसं दुसरं कुणाचं नाही. बॅरलखाली देवनागरी अक्षर होतं. तिवारीजी खिडकीबाहेर बघत होते.

अर्बाब ओरडला नाही. हे पोलिसांकडे गेलं तर वर्कशॉपचा परवाना जाईल आणि त्याआधी तुझा व्हिसा, एवढंच त्याने सांगितलं. मी टॅगचं सांगितलं. तिवारीजी म्हणाले, टॅग वगैरे काही नव्हता, बाबल साहब विसरत असतील, वय झालं.

वय झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाने माणूस खरा ठरत नाही. मी भिंग मागितलं.

अक्षर पाहिलं आणि चोर अक्षरातच सापडला. मी जाऊन माझा पंच आणला, पितळेच्या तुकड्यावर सर्वांसमोर ठोकला आणि तुकडा बॅरलशेजारी धरला. माझ्या अक्षराचं पोट मोकळं. बॅरलवरच्या अक्षराच्या पोटात तिरपी रेघ. माझा व. तो ब.

अर्बाबला देवनागरी येत नाही. पण त्याने भिंगातून दोन्ही अक्षरं दोनदा पाहिली.

"जैसे हमारा अरबी में बा और ता," तो म्हणाला. "सिर्फ नुक्ते का, बिंदी का, फरक."

मग त्याने तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजींनी कबूल केलं. मागच्या वर्षी मी सुट्टीवर असताना कामं अडली, म्हणून त्यांनी मस्कतच्या रुवी भागातल्या शिक्केवाल्याकडून माझ्या नावाचा पंच करून घेतला होता. नावाचं पहिलं अक्षर कोणतं, असं त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, बाबल का ब.

म्हणजे वर्षभर माझ्या नावाचा खोटा पंच वर्कशॉपमध्ये होता आणि मला पत्ता नव्हता. अर्बाब म्हणाला, मालेश, झालं ते झालं, खलास. मी म्हणालो, खलास नाही. डोळा गेला असता तर परत आला असता का? तो पंच माझ्यासमोर ग्राइंडरवर घासला जाईल आणि मागच्या वर्षीपासून माझ्या गैरहजेरीत गेलेली प्रत्येक रायफल परत येईल. त्याशिवाय मी लेथला हात लावणार नाही.

पंच तिवारीजींनी स्वतः घासला. तीन रायफली परत आल्या, तिन्हींवर ब. मी एकेक तपासली. तिन्ही नशिबाने बरोबर निघाल्या. नशिबाने, तपासणीने नव्हे.

अबू सालिमच्या रायफलचा खांदा मी छाटला. 'गो'वर बोल्ट बंद झाला, 'नो-गो'वर अडला. ते शेजारी उभे होते. त्यांनी बोल्ट स्वतःच्या हाताने दाबून पाहिला, दोनदा, आणि मान हलवली. पोलिसांकडे ते गेले नाहीत.

तिवारीजी अजून मॅनेजर आहेत. पगार तोच, खुर्ची तीच. याचा मला आजही संताप येतो आणि तो मी लपवत नाही. फरक एवढाच पडला की ते आता ओठ दातांवर दाबून, मोठ्या कष्टाने 'वाव्हल साहब' म्हणतात. व साधला त्यांना.

म्हणून मी नवा पंच करून घेतला. आता बॅरलखाली आडनावाचं शेवटचं अक्षर ठोकतो. ळ.