टाकीतलं पाणी

डिझेलमध्ये पाणी आहे की नाही हे पाहायला माझ्याकडे यंत्र नाही. फिल्टरच्या खालचा नळ सैल करायचा, जे येईल ते प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत घ्यायचं, बाटली कट्ट्यावर ठेवायची आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत पाणी तळाला बसतं, डिझेल वर राहतं आणि दोघांमध्ये रेघ दिसते. दापोड्यात गोडाऊनच्या रांगेला लागून माझं गॅरेज आहे आणि अशा बाटल्या मी आयुष्यभर पाहत आलोय. पण त्या दिवशीची बाटली पाहून माझा चहा तसाच गार झाला. अर्ध्याहून जास्त पाणीच होतं, आणि गाडी माझ्या पुतण्याची होती.

आदल्या दिवशी तो भरलेला ट्रक घेऊन कसारा घाट चढत होता. मधल्या वळणावर इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. चढावर हे व्हायचंच. सपाटीवर थोडंफार पाणी इंजिन रडतखडत गिळतं, पण चढावर त्याला डिझेल भरपूर लागतं आणि नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. इंजिन गेलं की स्टिअरिंग हलत नाही, ब्रेकला नवी हवा मिळत नाही. त्यात याने नेहमीप्रमाणे जास्तीचा माल भरलेला. हँडब्रेक ओढूनही गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. मागे एसटी होती. एका टेम्पोवाल्याने धावत येऊन चाकामागे दगड टाकला म्हणून पुढचं सगळं टळलं. हे तो मला सांगत होता तेव्हा त्याचे हात मांडीखाली दाबलेले होते.

याच घाटात त्याचा बाप गेला होता, म्हणजे माझा मोठा भाऊ. उतारावर ब्रेक गेले. तेव्हापासून घरात घाटाचं नावही कोणी काढत नाही. पोरगा तिकडे निघाला की "वर गेलाय" म्हणतात. कुणी नवखा ऐकेल तर भलताच अर्थ काढेल.

आमच्या धंद्यात टाकीत पाणी निघालं की पहिला संशय ड्रायव्हरवर. डिझेल काढून विकायचं आणि तेवढं पाणी ओतून काटा जागेवर ठेवायचा, ही विद्या इथे कुणाला शिकवावी लागत नाही. गाडी स्वतःची असली म्हणून काय झालं? हप्ते आईच्या हातात, रोजचा खर्च याच्या हातात. माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि तोंड त्याहून वाईट. तरी पोरगा घरचा म्हणून मी आधी खात्री करायचं ठरवलं. बाटलीतलं पाणी डब्याच्या झाकणात ओतून उन्हात वाळवलं. झाकणावर पांढरा थर उरला. साध्या पाण्याचा असा थर राहत नाही. मला वाटलं, हे खाडीचं पाणी. गाडी रोज कशेळीला खाडीकाठच्या गोडाऊनमागे उभी असायची. झालं, माझा हिशेब जुळला.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"काय?"

"डिझेल विकून खाडीचं पाणी भरायचं."

तो म्हणाला, "काका, मीच मागं सरकत होतो ना त्या गाडीत? मी माझ्याच टाकीत पाणी भरीन? येडा हाय काय मी?" आणि उठून निघून गेला. गाडी मात्र ठेवून गेला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला अजून राग आला. त्या रागातच मी टाकी उतरवली. तिथे खरी घाण होती. डिझेल आणि पाणी फार दिवस एकत्र राहिलं की दोघांच्या मध्ये एक काळपट, बुळबुळीत साय धरते. ती पाइपात जाते, फिल्टर बुजवते, आणि वर कुजका वास. म्हणजे हे पाणी एका दिवसाचं नव्हतं, महिनोन् महिने थोडं थोडं येत होतं. मी टाकी उलटी करून तळाचा गाळ ताटात घेतला आणि बोटाने पसरला. त्यात तांदळाचे दाणे होते. फुगलेले, काळे पडलेले, पण तांदूळच. एका दाण्याला कुंकवाचा लालसर डाग अजून होता.

डिझेल चोरणारा माणूस टाकीत अक्षता टाकत नाही.

वहिनीचं माहेर गणेशपुरीजवळ. तिकडच्या गरम कुंडाचं खारट, क्षारांचं पाणी तिच्या माहेरी सगळ्यावर चालतं. पोर जन्मलं, बैल आणला, विहीर खणली, की चार थेंब कुंडाचं पाणी आणि अक्षता. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या गाड्यांच्या चाकांवरही ती ते शिंपडायची. भाऊ हसायचा, पण शिंपडल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. हे मला माहीत होतं. टाकीचं माहीत नव्हतं.

मी घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. मी ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने एकदा पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"वहिनी, हे तुमचं?"

"हाव. माझंच." तिने लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "भावजी, चाकावर शिंपडलेलं काय राहतं? वाऱ्यानं उडतं, धुळीनं जातं. हे गेले त्या दिवशी शिंपडलंच होतं की मी. राहिलं काय? म्हनून पोराच्या गाडीला आत घालते. आत घातलेलं कुठं जात न्हाय."

आत घातलेलं कुठं जात नाही, हे तर तिने अगदी खरं सांगितलं होतं. गॅरेजवरून निघताना मोठं भाषण ठरवलं होतं, ते मी सोडून दिलं. शेवटी जे सांगायचं ते कसंबसं सांगितलं. पाणी तळाला साचतं, चढावर वर येतं, इंजिन मरतं. पोरगा मागे सरकला तो त्याच पाण्यामुळे. मी हळू बोललो, पण बोलायचं ते सगळं बोललो.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "म्हंजे मी त्याला ढकलत होते?" मग आत गेली आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आली, जुन्या सरबताच्या, बुचाला दोरा बांधलेल्या. सगळ्या माझ्यापुढे ठेवल्या. "तुम्हीच टाका कुठं ते. माझ्या हातून न्हाय व्हायचं." मी त्या अंगणातल्या झाडाला ओतल्या. ती दारात उभी राहून बघत होती.

मग मी गाडीवर जीव तोडून काम केलं. टाकी वाफेने धुतली, पाइप फुंकले, फिल्टर बदलले, पाणी दाखवणारा दिवा बंद पडला होता तो चालू केला, इंजेक्टर तपासून घेतले. दोन इंजेक्टर गंजलेले निघाले, तेही नवीन बसवले. पुतण्याची माफी मागितली, म्हणजे त्याला हॉटेलात नेऊन मिसळ खाऊ घातली. आमच्याकडे माफी अशीच मागतात. त्याने ती खाल्ली. त्याच्या आईने काय केलं होतं तेही मी सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पाव कुस्करत. मला वाटलं, त्याला राग आलाय.

गाडी सुरेख चालली. पावसाळा सरला, त्याच्या फेऱ्या वाढल्या. मला शांत झोप लागायला लागली. आणि मग एका सकाळी तो गॅरेजवर आला आणि त्याने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा पेटला होता.

मी नळ सैल केला, बाटली धरली. पाणी. फार नाही, पण पाणीच. झाकणावर वाळवलं, तर तोच पांढरा थर. माझं डोकं फिरलं. मी हात पुसत निघालोच होतो घरी, वहिनीला काय वाटेल ते बोलायला. पोराच्या जिवापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"आईला काय बोलू नको," तो मागून म्हणाला. "तिनं न्हाय घातलं. मी घातलं."

मी थांबलो.

"तू गाडी साफ केलीस ना, त्यानंतर पहिल्यांदा घाट चढलो. गाडी एकदम फर्स्ट क्लास. पण माझे हातच चालेनात. सगळं अंग घामानं भिजलं. वाटत होतं, आता आत काहीच न्हाय आपल्याबरोबर. मग गणेशपुरीला जाऊन कुंडाचं पाणी आणलं."

"अरे, त्या पाण्यानेच बंद पडली होती ना गाडी!"

"पडली. पण मी मेलो काय?" त्याने शांतपणे विचारलं. "मागं एसटी, बाजूला दरी, आणि तो दगड घेऊन आलेला माणूस. काका, घाटात कोण कुणासाठी थांबतो? बाबांसाठी थांबलं कोण?"

मग मी ओरडलो. पंप कसा चालतो, इंजेक्टरची भोकं किती बारीक असतात, सगळं त्याला पुन्हा सांगितलं. शेजारच्या गाळ्यातले हमाल काम सोडून ऐकत उभे राहिले. मी दमलो तेव्हा तो म्हणाला, "तुझं सगळं बरोबर हाय. पण तू तिथं नव्हतास."

चावी काढून घ्यावी असं मनात आलं होतं. पण चावी घेतली तर घर कशावर चालणार, आणि वहिनीला कारण काय सांगणार? तिला कळलं की पोरगा आता स्वतःच घालतो, तर ती अंथरूण धरेल. मी फिल्टर साफ केला, पाणी काढलं आणि गाडी त्याच्या हवाली केली.

आता तो प्रत्येक फेरीआधी माझ्याकडे येतो. मी पाणी काढून देतो. इथून निघाल्यावर हायवेला लागण्याआधी तो कुठेतरी थांबतो आणि पुन्हा घालतो, हे मला ठाऊक आहे. मध्यंतरी मी त्याला विचारलं, निदान थोडंच घालतोस ना? तो म्हणाला, झाकणभर. इतकी वर्षं इंजिनात डोकं घालून बसलेला मी, झाकणभर ऐकून मला हायसं वाटलं. झाकणभर फिल्टर पकडेल, असं मी स्वतःला समजावलं.

काल तो गाडी घेऊन आला तेव्हा म्हणाला की वर फार धुकं पडतंय, पुढची गाडीसुद्धा दिसत नाही. मी फिल्टर उघडत होतो. "मग सावकाश जा," मी म्हणालो.

"सावकाशच जातो," तो म्हणाला. "आणि हल्ली दोन झाकणं घालतो."