रजिस्टरमधली दहा मिनिटं

नव्या डॉक्टरांना संशोधन शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते वयामुळे, लायकीमुळे नव्हे. हे आता कळतं. तेव्हा मात्र दर बुधवारी सोलापुरातल्या आमच्या इस्पितळाच्या हॉलमध्ये मी मोठ्या ऐटीत सांगायचो, "आधी मोजा, मग बोला. आणि मोजताना मध्ये पडू नका."

एका मुलीनं ते मनावर घेतलं. बार्शीच्या मास्तरांची लेक, एमडीच्या दुसऱ्या वर्षाला, प्रबंधासाठी माझ्याच हाताखाली. तिचा विषय साधा होता: छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचा ईसीजी निघायला किती वेळ लागतो? दहा मिनिटांत निघावा असा नियम आहे, आणि आमच्या रजिस्टरात तो कायम दहा मिनिटांतच निघालेला असायचा. कारण त्या वेळा आम्ही ड्यूटी संपताना चहा पीत एकदम भरायचो. ही रीत नव्यांना मीच घालून दिली होती.

ती महिनाभर दाराशी स्टूल टाकून बसली, हातात वही, मनगटावर घड्याळ. मग एका बुधवारी सगळ्यांसमोर म्हणाली, की पाऊण पाऊण तास लागतो. मशीन रिकामं असतं, पण केसपेपर निघाल्याशिवाय पेशंटला कुणी हात लावत नाही, आणि केसपेपरच्या खिडकीला ही रांग.

"रजिस्टर काय सांगतं?" मी विचारलं.

"दहा मिनिटं, सर. पण त्या वेळा खऱ्या नाहीत."

माझं डोकं सटकलं. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही खोटं लिहितोय? तुझं घड्याळ दुरुस्त करून आण आधी. प्रबंधात रजिस्टरच्या वेळा घाल, नाहीतर माझी सही मिळायची नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. ती खाली बसली. मला बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये आली आणि वही उघडून टेबलावर ठेवली. "सर, ही एक ओळ काल दाखवली नव्हती."

चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेली एक बाई. आली नऊ चाळीसला, ईसीजी दहा बत्तीसला. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नऊ पंचेचाळीसला बाईनं सरांना विचारलं. सर म्हणाले, आधी केसपेपर.'

मला ती बाई आठवली. बाकावर वाकून बसलेली, घामानं निथळणारी. "सायब, लई कळ येतीया, जरा बगा की." मी राउंडला निघालो होतो. न थांबताच खिडकीकडे बोट दाखवलं होतं.

रजिस्टरचं ते पान मी स्वतः जाऊन काढलं. आली नऊ चाळीस, ईसीजी नऊ पन्नास. अक्षर माझंच होतं.

केबिनमध्ये परत आलो तर ती मुलगी तशीच उभी. "मीही स्टुलावर बसून होते, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं, मध्ये पडायचं नाही. शेवटी राहवलं नाही, मीच तिला आत नेलं. म्हणून दहा बत्तीस, नाहीतर आणखी उशीर झाला असता." वयानं माझ्या लेकीएवढी मुलगी माझ्या शिकवणीपायी रडत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मी सही केली. तिच्याच वेळा प्रबंधात गेल्या. आता आमच्याकडे ईसीजी आधी, केसपेपर मागाहून. पण ती एक ओळ प्रबंधात नाही. मोजणारीच मध्ये पडली म्हणून नियमानं ती गाळावी लागते, असं मीच तिला समजावलं. नियम खरा आहे. मला त्याचा किती आधार वाटला, ते माझं मला ठाऊक.

बाई वाचली. हृदय निम्मं काम करतं, कारखान्यातलं काम सुटलं. दर महिन्याला गोळ्यांसाठी येते. गेल्या खेपेला शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन आली. "तुमी व्हता म्हून वाचले, सायब," म्हणाली आणि वाकून पाया पडली.

ती मुलगी शेजारीच उभी होती. ती फाईलमध्ये बघत राहिली.

मी डबा घेतला.